फॅटी लिव्हरचा ‘ग्रेड’ वाढला, म्हणजे आजार वाढला का?

प्रश्न: माझं वय ४७, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. पोटाच्या वरच्या भागात अधूनमधून दुखतं म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे नाहीत, पण ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असं लिहून आलं. गेल्या वर्षी दुसऱ्या सेंटरमध्ये केलेल्या सोनोग्राफीत ग्रेड १ होता. वर्षभरात एवढं वाढलं तर अजून दोन वर्षांनी काय होईल, या विचाराने झोप लागत नाही. रक्ताच्या तपासण्या अशा आहेत: लिव्हरची एन्झाइम्स एसजीओटी ३४ आणि एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख ४० हजार, साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.२. लिव्हरच्या आकड्यांपुढे लॅबने कुठेच खूण केलेली नाही. मी कधीही दारू घेतलेली नाही, तरी रिपोर्ट ऐकून एक-दोघांनी वेगळ्याच नजरेने पाहिलं. मिस्टर म्हणतात, ‘हे हल्ली सगळ्यांनाच असतं, सोडून दे.’ त्यांना दहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, पण त्यांची सोनोग्राफी नॉर्मल आली. मी तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू का? की एमआरआय करून घेऊ? बहिणीने लिव्हर टॉनिक सुचवलं आहे, ते सुरू करू का?

उत्तर: ताई, झोप उडावी असं तुमच्या रिपोर्टमध्ये काहीही नाही. मिस्टर म्हणतात तसं सोडून देण्यासारखंही नाही. तुम्ही रक्ताचे आकडे लिहिलेत हे फार बरं केलंत, कारण तुमच्या काळजीचं खरं उत्तर त्यांच्यात आहे. पण झोप उडवली आहे ती ‘ग्रेड’ने, तेव्हा आधी त्याच्याबद्दल बोलू.

मी रोज सोनोग्राफीच्या मशीनसमोर बसते. प्रोब बरगड्यांखाली टेकवला की त्यातून ध्वनिलहरी आत जातात आणि वेगवेगळ्या ऊतींवरून परततात. त्या परतलेल्या प्रतिध्वनींचं काळ्या-पांढऱ्या छटांमध्ये चित्र तयार होतं. निरोगी लिव्हर आणि शेजारची उजवी किडनी पडद्यावर साधारण एकाच करड्या रंगाच्या दिसतात. लिव्हरच्या पेशींमध्ये चरबीचे थेंब साठले की ते ध्वनिलहरी विखुरतात, प्रतिध्वनी जास्त परततात आणि लिव्हर किडनीपेक्षा उजळ दिसायला लागतं. चरबी आणखी वाढली की लहरी खोलवर पोचतच नाहीत. दाट धुक्यात गाडीचे दिवे लावल्यावर जवळचं धुकं पांढरं उजळतं आणि पलीकडचा रस्ता दिसेनासा होतो, तसंच काहीसं हे आहे.

ग्रेड ठरतो तो या दिसण्यावरून. लिव्हर नुसतं उजळ आहे, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि मागचा डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा, स्पष्ट दिसतोय, तर ग्रेड १. भिंती धूसर झाल्या तर ग्रेड २. रक्तवाहिन्यांच्या भिंती, डायफ्रॅम आणि लिव्हरचा मागचा भाग जवळजवळ दिसतच नसेल तर ग्रेड ३. यात कुठेही टक्केवारी मोजलेली नसते. एक डॉक्टर पडद्याकडे बघतो आणि त्याचा सराव काय सांगतो ते लिहितो.

आता तुमच्या दोन रिपोर्टांकडे पाहा. सेंटर वेगळं, म्हणजे मशीन वेगळं आणि बघणारे डोळेही वेगळे. मशीनवर चित्राचा उजळपणा कमी-जास्त करता येतो. पोटावरच्या चरबीच्या थरामुळे आणि आतल्या वायूमुळेही चित्र बदलतं. ग्रेड १ आणि ग्रेड २ यांच्या सीमेवरचं लिव्हर एकाच दिवशी दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टना दाखवलं, तर दोघं वेगवेगळे ग्रेड लिहू शकतात, आणि त्यात कोणाचीही चूक नसते. त्यामुळे एवढ्यावरून वर्षभरात तुमचा आजार वाढला असं मी म्हणणार नाही. लिव्हरमध्ये चरबी आहे एवढं मात्र दोन्ही रिपोर्ट सांगतात, आणि ते खरं मानायचं.

चरबी शोधायचं साधन म्हणून सोनोग्राफी चांगलीच आहे. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, काही मिनिटांत होते. २०११ साली ४९ अभ्यासांचे आकडे एकत्र करून तिची अचूकता तपासली गेली. मध्यम किंवा त्याहून जास्त चरबी असलेल्या १०० जणांपैकी साधारण ८५ जणांमध्ये सोनोग्राफीने ती पकडली, आणि चरबी नसलेल्या १०० पैकी साधारण ९४ जणांना ‘नाही’ असं बरोबर सांगितलं. अडचण थोड्या चरबीची आहे. व्याख्येप्रमाणे लिव्हरच्या ५ टक्के पेशींमध्ये चरबी दिसली की फॅटी लिव्हर म्हणतात, पण साध्या सोनोग्राफीत ती खात्रीने दिसायला प्रमाण २०-३० टक्क्यांपर्यंत जावं लागतं. हा मुद्दा मिस्टरांच्या रिपोर्टसाठी लक्षात ठेवा.

सोनोग्राफीला जे दिसत नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेकांमध्ये चरबी तशीच राहते आणि लिव्हरला फारसा धक्का लागत नाही. काहींमध्ये मात्र चरबीसोबत सूज येते आणि ती वर्षानुवर्षं राहिली तर पेशींच्या जागी चिवट तंतू तयार होतात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. त्याच्या चार अवस्था मानतात आणि चौथी म्हणजे सिरोसिस, तंतू लिव्हरभर पसरून ते कडक होणं. पुढे लिव्हरचं काय होणार, हे चरबी किती यापेक्षा फायब्रोसिस किती यावर कितीतरी जास्त अवलंबून असतं. आणि साध्या सोनोग्राफीला सूज दिसत नाही, सुरुवातीचा फायब्रोसिसही दिसत नाही. लिव्हरचा पृष्ठभाग खडबडीत झाला, प्लीहा वाढली, पोटात पाणी झालं, की मग ती दाखवते, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून ‘ग्रेड ३’ आणि ‘स्टेज ३’ यांची गल्लत कधीही करू नका. ग्रेड चरबीचा, स्टेज फायब्रोसिसची. ही गल्लत झालेली माणसं घाबरून माझ्याकडे येतात, आणि ग्रेड १ वाचून निर्धास्त झालेली माणसं येतच नाहीत. मला काळजी या दुसऱ्यांची जास्त वाटते.

मग फायब्रोसिसचा अंदाज घ्यायचा कसा? पहिली चाळणी अगदी साधी आहे आणि तिला लागणारं सगळं तुम्ही पत्रात लिहिलंच आहे. तिला फिब-४ म्हणतात. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही असे दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांसाठी २००६ साली हे सूत्र मांडलं गेलं आणि पुढे फॅटी लिव्हरसाठीही वापरात आलं. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग एसजीपीटीचं वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटच्या आकड्याने, म्हणजे किती हजार आहेत त्याने, गुणायचं. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं. तुमच्या बाबतीत ४७ गुणिले ३४ म्हणजे १५९८. एसजीपीटी ४९, त्याचं वर्गमूळ ७, आणि ७ गुणिले २४० म्हणजे १६८०. भागाकार आला ०.९५.

हा आकडा १.३ च्या खाली असला की पुढच्या अवस्थेतला फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी असते. २.६७ च्या वर गेला तर यकृततज्ज्ञांना दाखवायलाच हवं. मधे आला तर लिव्हरचा कडकपणा मोजणारी इलास्टोग्राफी करतात. वयाची पस्तिशी न गाठलेल्यांमध्ये हे सूत्र नीट चालत नाही आणि ६५ च्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. तुम्ही दोन्हीच्या मधल्या वयाच्या आहात, त्यामुळे ०.९५ वर तुम्हाला विश्वास ठेवता येईल. वर्षभरात ग्रेड वाढला असं वाटून तुम्ही ज्याला घाबरलात, ते होत असल्याची खूण या आकड्यात नाही.

इलास्टोग्राफी म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगते, कारण तिच्या एका प्रकाराचं ‘फायब्रोस्कॅन’ हे नाव तुमच्या कानावर येईलच. हीदेखील ध्वनिलहरींचीच तपासणी आहे. बरगड्यांमधून एक हलका धक्का देतात आणि ती कंपनं लिव्हरमधून किती वेगाने जातात ते मोजतात. लिव्हर जितकं कडक, तितकी ती वेगाने जातात. उत्तर किलोपास्कलमध्ये येतं आणि ते ८ च्या खाली असेल तर सहसा काळजीचं कारण नसतं. बऱ्याच मशीनवर त्याच वेळी चरबीचा अंदाज देणारा ‘कॅप’ नावाचा आकडाही मिळतो. त्यामुळे नुसत्या डोळ्यांच्या अंदाजापेक्षा तुलना करायला ही तपासणी बरी. आधी किमान तीन तास काही खायचं नाही, कारण खाल्ल्यावर लिव्हरचा रक्तपुरवठा वाढून ते खोटंच कडक भासतं. तुमचा फिब-४ पाहता ती आज करायची गरज नाही.

एमआरआयची तर नक्कीच नाही. एमआरआयच्या एका खास पद्धतीने लिव्हरमधली चरबी टक्क्यांत, अगदी नेमकी मोजता येते. नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये ती फार उपयोगी पडते. पण तुमच्या लिव्हरमध्ये १८ टक्के चरबी आहे की २२, हे कळून तुमच्या उपचारात काहीच बदलणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करण्याबद्दलही माझं हेच मत आहे. तेव्हा ग्रेड १ आला तर विनाकारण हुरळून जाल आणि पुन्हा २ आला तर विनाकारण खचाल. त्याऐवजी साधारण वर्षाने रक्ताचे हेच आकडे पुन्हा तपासा आणि फिब-४ काढा. सोनोग्राफी पुन्हा कधी करायची झालीच, तर शक्यतो त्याच सेंटरमध्ये, सहा-आठ तास उपाशीपोटी आणि आधीचे रिपोर्ट सोबत घेऊन करा.

आता दारूबद्दल. सोनोग्राफीतली चरबी कुठून आली हे चित्रात लिहिलेलं नसतं. दारूमुळे साठलेली चरबी आणि वजन, साखर यांमुळे साठलेली चरबी पडद्यावर सारखीच दिसते. त्यामुळे नुसता रिपोर्ट ऐकून कोणी तुमच्या सवयींबद्दल काही गृहीत धरत असेल, तर ते अज्ञान आहे आणि त्याचा त्रास तुम्ही करून घेऊ नका. २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या आजाराची व्याख्याच बदलली. लिव्हरमध्ये चरबी आणि सोबत वजन किंवा कमरेचा घेर, रक्तातली साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी आणि एचडीएल हे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल या पाचांपैकी किमान एक गोष्ट बिघडलेली, अशी आता निदानाची अट आहे. तुमचं एचबीए१सी ६.२ आहे. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २८ च्या वर, म्हणजे जास्त आहे. कारण शोधायला याहून लांब जायला नको. तरी एकदा हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि थायरॉइड तपासून घ्या. स्टिरॉइड, टॅमॉक्सिफेन, मेथोट्रेक्सेट, अमिओडॅरोन यांपैकी एखादं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका.

एसजीपीटीपुढे लॅबने खूण केली नाही म्हणून ते उत्तम आहे असं समजू नका. बऱ्याच लॅबची मर्यादा सैल असते. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरोलॉजीने २०१७ मध्ये स्त्रियांसाठी १९ ते २५ ही एसजीपीटीची निरोगी वरची मर्यादा सांगितली. त्या हिशेबाने ४९ म्हणजे वाढलेलं आहे आणि लिव्हरच्या पेशींना थोडा ताण पडतोय. म्हणूनच मिस्टरांचं ‘सोडून दे’ मला पटत नाही. जगातल्या साधारण ३० टक्के प्रौढांना फॅटी लिव्हर आहे हे खरं. पण सगळ्यांना आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. शिवाय फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण लिव्हर नसून हृदयविकार आहे. तुम्ही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल लिहिलेलं नाही. तपासलं नसेल तर याच आठवड्यात तपासा. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन दिलंच, तर ‘लिव्हर खराब होईल’ या भीतीने ते टाळू नका. फॅटी लिव्हर हे स्टॅटिन न घेण्याचं कारण नाही.

उपचार म्हणाल तर वजन. ३ ते ५ टक्के वजन कमी झालं तरी लिव्हरमधली चरबी उतरायला लागते, सूज शमायला ७ ते १० टक्के लागतात आणि फायब्रोसिस असेल तर तो मागे हटायला १० टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सूज असलेल्या २९३ जणांना वर्षभर आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिला होता आणि आधी व नंतर बायोप्सी, म्हणजे लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणी, केली होती. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांची सूज गेली. तेवढं घटवणं दहातल्या एकालाच जमलं, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणून मी तुम्हाला दहा टक्क्यांचं ओझं देत नाही. तुमच्यासाठी ५ टक्के म्हणजे ३.४ किलो आणि ७ टक्के म्हणजे पावणेपाच किलो. आधी ३.४ चं बघा. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. उपासमार करून झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि तुमचं पित्ताशय सध्या स्वच्छ आहे, ते तसंच राहू द्या.

साखर घातलेली पेयं पूर्ण बंद करा, फळांचा रसही त्यात धरा. बाकी आहार तुमच्या घरात जो शिजतो त्यातूनच, प्रमाण कमी करून आखता येतो. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम ठेवा. व्यायामाने वजन हललं नाही तरी लिव्हरमधली चरबी कमी होते. काटा जागचा हलत नाही म्हणून महिन्याभरात सोडून देणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

लिव्हर टॉनिक घेऊ नका. त्याने चरबी कमी होते याला भक्कम पुरावा नाही, आणि वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांनी लिव्हरला इजा झालेली आहे. बहिणीने मायेने सुचवलं आहे, तिला तसं समजावून सांगा. नवी औषधं आली आहेत. अमेरिकेत रेस्मेटिरोमला मार्च २०२४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. पण ती मध्यम ते पुढच्या फायब्रोसिससाठी आहेत. तुमचा आकडा पाहता तुम्हाला ती लागू नाहीत.

पोटदुखीचं मात्र मागे पडू देऊ नका. फॅटी लिव्हरने सहसा काहीच दुखत नाही, फार तर उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो. अधूनमधून दुखतं याचं कारण पित्त, जठर किंवा आणखी काही असू शकतं, आणि फॅटी लिव्हर सापडलं म्हणून तो शोध थांबायला नको. जेवणाशी त्याचा काही संबंध आहे का, रात्री जाग येते का, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवा. काळी शौच, रक्ताची उलटी, डोळे पिवळे होणं किंवा प्रयत्न न करता वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा.

आता मिस्टर. तुमच्यापेक्षा मला त्यांच्या रिपोर्टची जास्त काळजी आहे. टाइप २ मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना फॅटी लिव्हर असतं आणि थोडी चरबी सोनोग्राफीतून निसटते हे वर सांगितलंच. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. फायब्रोसिस फार पुढे गेला की लिव्हरमधली चरबी उलट कमी होऊ लागते. म्हणजे चरबी दिसली नाही एवढ्यावरून लिव्हर ठीक आहे असं म्हणता येत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनचा सल्लाही असाच आहे की टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांचा फिब-४ काढावा, लिव्हरचे आकडे नॉर्मल असले तरी. त्यांच्या तपासणीचे ताजे कागद काढा. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एकाच वेळच्या असाव्यात, नसतील तर पुन्हा करून घ्या, आणि तुमच्यासाठी केलं तेच गणित त्यांच्यासाठी करा. १.३ किंवा जास्त आलं तर मधुमेहाच्या डॉक्टरांकडून इलास्टोग्राफीची चिठ्ठी घ्या. २.६७ च्या वर आलं तर थेट यकृततज्ज्ञांची वेळ घ्या. आणि १.३ च्या खाली आलं तरी दर एक-दोन वर्षांनी हे गणित पुन्हा करत राहा.